यंत्राचे कष्ट आणि विषयाचे कष्ट

शिक्षणासाठी येऊ घातलेल्या तंत्रज्ञानाविषयी सध्या जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात एक कल्पना वारंवार भेटते. आजवर संगणकाशी व्यवहार करायचा तर माणसाला संगणकाची रीत शिकून घ्यावी लागे. कळफलक, माऊस, आज्ञांच्या याद्या, पडद्यावरची चिन्हे हे सारे आधी अंगवळणी पाडावे लागे. यापुढे संगणकच माणसाची रीत शिकेल. विद्यार्थी त्याच्याशी बोलेल, त्याला बोटाने स्पर्श करील, वहीत लिहावे तसे पडद्यावर लिहील, हातवारे करील. आणि यंत्र त्याला समजून घेईल. असे झाले म्हणजे ऑनलाइन शिक्षणातला मोठा अडथळा दूर होईल आणि शिकणे सहज होईल.

या कल्पनेचे दोन भाग आहेत. यंत्र वापरणे सहज होईल, हा पहिला भाग. त्यामुळे शिकणे सहज होईल, हा दुसरा. पहिला भाग बऱ्याच अंशी खरा ठरत आहे. दुसरा मात्र पहिल्यातून आपोआप निघत नाही, असे आमचे मत आहे. शाळांचा वेळ, पैसा आणि शिक्षकांचे कष्ट या दुसऱ्या भागावर विसंबून खर्च होत असल्यामुळे तो तपासून पाहणे आवश्यक वाटते.

आधी एका शब्दाचा खुलासा करू. माणूस आणि यंत्र यांची जेथे गाठ पडते त्या भागाला इंटरफेस म्हणतात. रेडिओची बटणे आणि तबकडी हा रेडिओचा इंटरफेस. संगणकाच्या बाबतीत कळफलक, पडदा, त्यावरील चित्रे आणि आता माईक व कॅमेरा ही सर्व मिळून इंटरफेस होतो. बोलणे, स्पर्श, हस्ताक्षर, हावभाव यांवर चालणाऱ्या इंटरफेसला तंत्रज्ञ 'नॅचरल' म्हणतात. आपण त्याला 'सहज इंटरफेस' म्हणू.

नवी वाटणारी जुनी गोष्ट

सहज इंटरफेस ही अलीकडची कल्पना नाही. १९६३ साली अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली तयार केली. तिच्यात प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येत असे. डिसेंबर १९६८ मध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले.

शिक्षणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे उदाहरण इलिनॉय विद्यापीठातल्या 'प्लेटो' प्रकल्पाचे आहे. डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० साली सुरू केलेल्या या प्रकल्पात दूरच्या पडद्यांवरून एका मध्यवर्ती संगणकाकडून धडे घेता येत. १९७२ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीचा नारिंगी पडदा स्पर्श ओळखत असे. पडद्याच्या कडांवरून अवरक्त किरण आडवे व उभे सोडलेले असत. बोट ठेवले की त्या जागेचे किरण अडत आणि १६ × १६ चौकटींपैकी कोणत्या चौकटीला बोट लागले ते यंत्राला कळे. अक्षरओळख नसलेले मूलही चित्रावर बोट ठेवून उत्तर देऊ शके. आजच्या टॅबलेटमधील स्पर्शपटल वेगळ्या तत्त्वावर, म्हणजे बोटामुळे विद्युत क्षेत्रात होणाऱ्या बदलावर, चालते. पण मुलाच्या दृष्टीने कृती तीच आहे.

थोडक्यात, बोटाने उत्तर देऊन घरबसल्या शिकण्याची सोय तत्त्वतः पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाली होती. या काळात यंत्र स्वस्त झाले, खिशात मावू लागले, घरोघरी पोचले. 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. म्हणजे इंटरफेसचा प्रश्न बहुसंख्य मुलांपुरता सुटल्यासारखाच आहे. त्याच मुलांना मागील आठवड्यातील वापराविषयी विचारले तेव्हा ५७ टक्के मुलांनी फोनचा उपयोग अभ्यासाशी संबंधित कामासाठी केला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. यंत्र हाताळता आले म्हणजे ते कशासाठी हाताळायचे हे ठरत नाही, एवढे या आकड्यांवरून दिसते.

सहज की सवयीचे?

आता 'सहज' या शब्दाकडे पाहू. वस्तूंच्या रचनेचे प्रसिद्ध अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी २०१० साली एका लेखात असे मत मांडले की तथाकथित सहज इंटरफेस मुळीच सहज नसतात. त्यांनी दिलेले एक उदाहरण बोलके आहे. २००६ साली 'वी' नावाचा एक दूरचित्रवाणीवरचा खेळ बाजारात आला. त्यात हातातला नियंत्रक खऱ्या चेंडूसारखा फिरवायचा असे. चेंडू घरंगळत सोडण्याच्या खेळात लोक इतके रमले की योग्य क्षणी त्यांनी चेंडू सोडावा तसा हातातला नियंत्रकच सोडून दिला आणि तो पडद्यावर जाऊन आदळला. मनगटाला बांधायचा पट्टा उत्पादकांना अधिक मजबूत करावा लागला. खेळाच्या नियमाप्रमाणे हात उघडायचा नव्हता, फक्त एक बटण सोडायचे होते. जे शरीराला सहज होते ते यंत्राला चुकीचे होते.

दोन बोटे पडद्यावर पसरली की चित्र मोठे होते, ही खूण आज आपल्याला उपजत वाटते. पण कागदावरचे चित्र कोणी बोटांनी ताणून मोठे करीत नाही. ती खूण आपण कोणाची तरी पाहून शिकलो आणि विसरून गेलो की शिकलो.

मराठी वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण कळफलकाचे देता येईल. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला आणि १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेला 'इनस्क्रिप्ट' कळफलक आपल्या वर्णमालेवर बेतलेला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ दुसऱ्या एका कळीवर. बाराखडी येणाऱ्या मुलासाठी याहून तर्कशुद्ध मांडणी शोधणे कठीण. तरीही असंख्य लोक रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. प्रत्येक शब्दाचे आधी मनात रोमन स्पेलिंग करायचे, मग यंत्राने ते देवनागरीत आणायचे. ळ आणि ल, ण आणि न यांसाठी युक्त्या लक्षात ठेवायच्या. हा मार्ग लांबचा आहे, पण इंग्रजी कळफलक आधी भेटल्यामुळे तोच सहज वाटतो.

यावरून इंटरफेसचा सहजपणा सर्वस्वी खोटा आहे असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. तो परिचयातून तयार होतो, आणि कोणाच्या परिचयातून हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो, एवढेच.

भिंतीतल्या संगणकाने काय दाखवले

मुलांना संगणकाचा परिचय किती लवकर होतो याचा एक गाजलेला प्रयोग आपल्याच देशात झाला. १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीतील कालकाजी येथे आपल्या संस्थेच्या कुंपणाच्या भिंतीत एक संगणक बसवला. पलीकडे झोपडवस्ती होती. कोणी शिकवणारा नव्हता. थोड्याच काळात तेथील मुले तो चालवू लागली. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला ती 'सुई' म्हणत आणि 'थांबा' असे सुचवणाऱ्या वाळूच्या घड्याळाच्या चित्राला 'डमरू'. परके चिन्ह पाहून त्यांनी आपल्या जगातला शब्द त्याला दिला आणि ते आपलेसे केले. असेच संगणक पुढे देशात इतरत्र आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या गावांतही बसवले गेले.

या प्रयोगाचा निष्कर्ष पुष्कळदा असा सांगितला जातो की मुलांना यंत्र द्या, शिक्षकाची गरज नाही. खुद्द मित्रा यांच्या नंतरच्या कामातून मात्र अधिक बारकाईचे चित्र मिळते. तमिळनाडूतील कालिकुप्पम या गावी १० ते १४ वर्षांच्या तमिळभाषक मुलांपुढे रेणवीय जीवशास्त्रासारखा अवघड विषय इंग्रजीतून ठेवण्यात आला. शिकवणारे कोणी नव्हते. सुमारे अडीच महिन्यांनी मुलांचे गुण अगदी थोड्या टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास गेले. ही गोष्ट थक्क करणारी आहे. पण पुढचा टप्पाही तितकाच महत्त्वाचा आहे. त्यानंतर मुलांना ओळखणाऱ्या एका तरुणीला त्यांच्यासोबत बसायला सांगण्यात आले. तिला जीवशास्त्र येत नव्हते. तिने फक्त विचारपूस करायची, कौतुक करायचे, 'हे काय आहे, मला सांग' असे म्हणायचे. गुण ५० टक्क्यांच्या आसपास पोचले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाच्या शीर्षकातच स्वयंशिक्षणाच्या 'मर्यादा' असा शब्द आहे.

आमच्या मते या प्रयोगातला सर्वांत परिणामकारक 'सहज इंटरफेस' ती तरुणी होती. माणूस समोर बसून ऐकतो आहे, ही जाणीव पडद्यावरच्या कोणत्याही सुधारणेने दिलेली नव्हती. आणि जेथे माणसांची जोडणी झाली नाही तेथे काय होते हेही नोंदले गेले आहे. पायल अरोरा या अभ्यासिकेला उत्तराखंडमधील अशी दोन केंद्रे बंद पडलेली आढळली. गाव आणि शाळा यांनी ती आपली मानली नव्हती.

महाविद्यालयीन पातळीवरही हेच दिसते. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांनी २०१२-१३ या पहिल्या वर्षी चालवलेल्या १७ ऑनलाइन अभ्यासक्रमांत ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या. प्रमाणपत्रे मिळाली ४३,१९६. शंभरात पाचांहून थोडी अधिक. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र हवे होते असे नाही, हे मान्य करूनही दार उघडे असणे आणि आत शेवटपर्यंत चालणे यांतील अंतर लपत नाही.

दोन प्रकारचे कष्ट

शिकताना विद्यार्थ्याला जे कष्ट पडतात ते दोन प्रकारचे असतात. एक यंत्राचे, म्हणजे साधनाचे. बटण सापडत नाही, अक्षरे बारीक आहेत, सूचना परक्या भाषेत आहे, टंकलेखन येत नाही. दुसरे विषयाचे. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान का करायचे, झाडाचे वजन कोठून येते, वेग आणि त्वरण यांत फरक काय, हे समजून घेण्याचे. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या आकलनभाराच्या सिद्धांताचा रोख असाच आहे. आपली कार्यकारी स्मृती लहान असते, तेव्हा बाहेरचा निरर्थक भार जितका कमी तितकी विषयासाठी जागा अधिक. रॉबर्ट ब्योर्क यांनी त्याला एक पुस्ती जोडली: काही अडचणी शिकणाऱ्याच्या हिताच्या असतात. आठवून पाहणे, अंतर सोडून सराव करणे, स्वतः उत्तर तयार करणे हे त्या क्षणी जड जाते, पण त्यामुळेच शिकलेले टिकते.

पहिल्या प्रकारचे कष्ट नाहीसे झाले तर त्यात सर्वांचे भलेच आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडद्यावरील मजकूर मराठीत वाचून दाखवणारी आज्ञावली ही चैनीची वस्तू नव्हे. ती नसेल तर विषयाचे दारच बंद असते. ज्याला हाताने लिहिता येत नाही त्याला बोलून लिहिण्याची सोय मिळाली तर तो प्रथमच आपले म्हणणे परीक्षकापुढे मांडू शकतो. सहज इंटरफेसचा येथे आम्ही मनःपूर्वक पुरस्कार करतो.

अडचण दुसऱ्या ठिकाणी आहे. नवी यंत्रे हे दोन्ही कष्ट एकदमच काढून घेतात. सेमूर पेपर्ट आणि सहकारी यांनी १९६७ साली मुलांसाठी तयार केलेल्या 'लोगो' या संगणकभाषेचे उदाहरण घेऊ. तिच्यात पडद्यावरच्या कासवाला आज्ञा टंकून द्यायच्या असतात: पुढे १००, उजवीकडे ९०. चौरस पटकन जमतो. समभुज त्रिकोण काढताना मुले हमखास ६० अंश वळायला सांगतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे त्यांनी पाठ केलेले असते. कासव भलतीकडे जाते आणि षट्कोन होऊ लागतो. मग मूल स्वतः उठून जमिनीवर त्रिकोणात चालून पाहते आणि त्याला कळते की कोपऱ्यावर आपण १२० अंश वळतो. आंतरकोन आणि बाह्यकोन यांतील फरक अशा रीतीने पायांतून समजतो.

आता हेच आजच्या बोलक्या यंत्राला सांगून पाहा. 'समभुज त्रिकोण काढ' म्हटले की निर्दोष त्रिकोण समोर येईल. लोगोच्या टंकलेल्या आज्ञांपेक्षा हा इंटरफेस कितीतरी सहज आहे. पण बाह्यकोन कोठे गेला? तो यंत्राने केलेल्या कामात गेला. मुलाने फक्त मागणी केली.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत २०२३ साली सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या तासांना एक काळजीपूर्वक प्रयोग झाला. एका गटाला नेहमीची पुस्तके आणि वह्या, दुसऱ्याला मोकळेपणाने उत्तरे देणारा संभाषक संगणक, तिसऱ्याला तसाच दिसणारा पण शिक्षकांच्या सूचनांवरून बांधलेला संगणक देण्यात आला. हा तिसरा संगणक उत्तर सांगत नसे. विद्यार्थी कोठे चुकतात हे शिक्षकांनी आधी सांगून ठेवले होते, त्यानुसार तो इशारे देई. सराव करताना दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी आणि तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग यंत्रे काढून घेऊन परीक्षा घेतली. दुसरा गट पहिल्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. तिसऱ्या गटाचे नुकसान जवळजवळ झाले नाही. तो पहिल्याच्या बरोबरीने राहिला. आपण कमी शिकलो हे दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांच्या ध्यानातही आले नव्हते.

या प्रयोगात दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचा इंटरफेस सारखाच होता. दोघेही यंत्राशी साध्या भाषेत संवाद करीत होते. फरक पडला तो शिक्षकांनी पुरवलेल्या माहितीमुळे आणि 'येथे उत्तर द्यायचे नाही' या शिक्षकी निर्णयामुळे. मात्र तिसरा गटही पहिल्याच्या पुढे गेला नाही, ही गोष्ट यंत्राचा गौरव करणाऱ्यांनी विसरू नये.

सहज संभाषणाचा आणखी एक परिणाम जुना आहे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' ही आज्ञावली लिहिली. ती समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी. तिला काहीही कळत नसे. तरीही तिच्याशी बोलणाऱ्यांना ती आपल्याला समजून घेते असे वाटू लागले आणि खुद्द वायझेनबाम अस्वस्थ झाले. यंत्राची भाषा जितकी अस्खलित तितका आपला संशय झोपी जातो. आजची यंत्रे एलायझाहून फार पुढे गेलेली आहेत, पण चुकीची माहिती तीही शुद्ध आणि ठाम भाषेत देऊ शकतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शंका घ्यायला शिकवायचे असेल तर ही गोष्ट गंभीर आहे.

कोणाचा आवाज सहज?

बोलून चालणारे यंत्र सर्वांना सारखे सहज नसते. ध्वनी ओळखणारी यंत्रणा लाखो तासांचे ध्वनिमुद्रण आणि त्याचे लेखी रूप यांच्या जोड्या पाहून शिकते. ज्यांचे बोलणे त्या साठ्यात भरपूर आहे त्यांचे ती अचूक ओळखते, इतरांचे कमी. अमेरिकेतील पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. गौरवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५. इंग्रजीसारख्या संपन्न भाषेतली ही स्थिती आहे.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक भौतिक कारण आहे. मुलांचा घसा आणि मुखविवर आखूड असल्याने त्यांच्या स्वरांतील अनुनादाच्या वारंवारता प्रौढांपेक्षा उंच असतात. प्रौढांच्या आवाजावर शिकलेले यंत्र त्यामुळे गोंधळते. नेमके प्राथमिक शाळेतले मूल त्याला कठीण जाते.

मराठीचा विचार केला तर 'जग' हा शब्द पाहावा. एका उच्चाराने तो विश्व होतो, दुसऱ्याने जगण्याची आज्ञा. लिहिताना अक्षर एकच. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलांचे उच्चार आणि शब्द पुस्तकी मराठीपासून वेगळे. नंदुरबारमधल्या भिली बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठी हीच दुसरी भाषा असते. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेला 'भाषिणी' प्रकल्प भारतीय भाषांसाठी अशी यंत्रणा उभी करीत आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नसलेल्या या भाषांचा ध्वनिसाठा मराठीच्या मानाने फारच तुटपुंजा आहे.

वर्गातल्या शिक्षकाला मुलाची बोली कळली नाही तर तो पुन्हा विचारतो, हातवारे करतो, शेजारच्या मुलाची मदत घेतो. यंत्र 'समजले नाही' म्हणते किंवा भलतेच समजते. दोन-तीनदा असे झाले की मुलाला वाटते की चूक आपल्या बोलण्यात आहे. बोलीमुळे गप्प बसणारे मूल शाळेला नवे नाही. ज्या यंत्राकडून त्याला बोलते करण्याची अपेक्षा आहे त्यानेच त्याला गप्प करू नये.

चांगला इंटरफेस कसा असतो

टीका करताना चांगल्या कामाकडे दुर्लक्ष होऊ नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डॉर अब्राहमसन आणि सहकाऱ्यांनी गुणोत्तर शिकवण्यासाठी एक साधन तयार केले. विद्यार्थी दोन्ही हात पडद्यासमोर वरखाली करतो. हातांच्या उंचीचे गुणोत्तर १:२ असेल तेव्हाच पडदा हिरवा होतो. एरवी तो लाल असतो. हिरवा रंग एकदा सापडला की मुले दोन्ही हात सारखेच वर नेतात, म्हणजे हातांतील अंतर कायम ठेवतात. पडदा लाल होतो. खूप धडपड केल्यावर त्यांना उमगते की वर जाताना अंतरही वाढवावे लागते. गुणोत्तर म्हणजे स्थिर फरक नव्हे, हा पाचवी-सहावीतला नेहमीचा घोळ येथे हातांना जाणवतो. नंतर पडद्यावर रेषा आणि अंक येतात आणि जाणवलेली गोष्ट गणिताच्या भाषेत मांडता येते.

येथेही हाताचा वापर आहे, कळफलक नाही, शिकण्याची गरज असलेली कळ नाही. यंत्राचे कष्ट शून्यावर आणले आहेत. पण विषयाचे कष्ट पूर्ण राखले आहेत, उलट ते नेमके पुढे आणून ठेवले आहेत. हाताची हालचाल ही उत्तर देण्याची सोय नसून तीच गणित आहे.

कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' या विनामूल्य संगणकीय प्रतिकृतींतही असाच विचार दिसतो. विद्युत मंडलाच्या प्रतिकृतीत विद्यार्थी तारा, बल्ब, घट बोटाने ओढून जोडतो. तार जोडायला काहीच कष्ट नाहीत. पण बल्ब का लागला नाही, दोन बल्ब एकसर जोडल्यावर मंद का झाले, हे त्याचे त्यालाच शोधावे लागते. यांतील काही प्रतिकृती मराठीतही उपलब्ध आहेत. शाळेत दोन घट, तारा आणि टॉर्चचे बल्ब असतील तर आधी तेच वापरावेत, हे मात्र सांगायला हवे. जळालेला बल्ब आणि गंजलेली तार प्रतिकृतीत सहसा भेटत नाहीत, आणि खऱ्या प्रयोगशाळेत त्याच बरेच काही शिकवतात.

शाळेने काय विचारावे

पुढील काही वर्षांत बोलके आणि पाहणारे शिक्षणयंत्र शाळेच्या दारात येणार आहे. विक्रेता त्याचा सहजपणा दाखवेल, आणि तो प्रात्यक्षिकात खराही असेल. अशा वेळी मुख्याध्यापकांनी आणि विषयशिक्षकांनी तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली, हे यंत्र कोणते कष्ट कमी करते? साधनाचे की विषयाचे? धड्याचा एक घटक घेऊन नेमके लिहून काढावे: मुलाने काय करायचे होते आणि त्यातले यंत्राने काय केले. दुसरी, आपल्या वर्गातील सर्वांत हळू बोलणाऱ्या आणि पुस्तकी मराठीपासून सर्वांत दूर असलेल्या मुलाला ते समजते का? चाचणी त्याच्यापासून सुरू करावी, हुशार विद्यार्थ्यापासून नव्हे. तिसरी, त्याच्या मागे कोणाचा अध्यापनाचा अनुभव आहे, आणि इशारा कधी द्यायचा व उत्तर कधी रोखायचे हे ठरवण्यात आपल्या शिक्षकाला हात घालता येतो का?

याशिवाय एक चाचणी कोणत्याही शाळेला बिनखर्चाची आहे. यंत्रावर एक घटक शिकवून झाला की आठ दिवसांनी यंत्र बंद ठेवावे आणि त्या घटकावर पाच प्रश्न कागदावर सोडवून घ्यावेत. तोच घटक दुसऱ्या तुकडीला नेहमीच्या पद्धतीने शिकवून तेच प्रश्न द्यावेत. निकाल यंत्राच्या बाजूने लागला तर ते आनंदाने वापरावे. लागला नाही तर, यंत्र वापरायला कितीही सोपे असले तरी, त्याचा घटक-धडा नव्याने बांधावा लागेल. दोन्ही तुकड्यांच्या उत्तरपत्रिका जपून ठेवाव्यात; कोणत्या प्रश्नात मुले अडली हे त्यांवरून दिसेल, आणि पुढचे यंत्र बांधणाऱ्यांना नेमकी तीच माहिती हवी असते.